कोयोटीच्या शिकारीचं रुखवत

पुरुषोत्तम वाकणकर मूळचे नागपूरचे. अर्विंगमध्ये राहून त्यांना इतकी वर्षं झाली आहेत, की उन्हाळ्याला शिव्या देताना आपण टेक्सासच्या उन्हाला देतोय की विदर्भाच्या, हे आता त्यांचं त्यांनाच कळत नाही. नोकरी एका विमा कंपनीत, डेटाबेस सांभाळायची. पण नोकरीवरून का कधी माणूस कळतो? पुरुभाऊंना ओळखायचं तर त्यांच्या गाडीची डिकी उघडून बघावी. तिच्यात छत्र्या आहेत, घडीच्या खुर्च्या आहेत, सुईदोरा आहे, अमृतांजन आहे, दहा माणसांचा चहा होईल एवढं पातेलं आहे. कुणाची चप्पल तुटलीच तर म्हणून एक जादा जोडही आहे, आणि तो मधल्या मापाचा, म्हणजे सगळ्यांनाच थोडाथोडा गैरसोयीचा. मराठी मंडळाच्या सहलीला पुरुभाऊ येणार म्हटलं की बाकीचे हात हलवत येतात. "असू दे, लागेल," हे पुरुभाऊंच्या आयुष्याचं सार, आणि पंचाईत अशी की दर वेळी खरंच काहीतरी लागतं. त्यामुळे त्यांची ही खोड मोडायची संधी आजवर कुणालाच मिळाली नव्हती.

ती वेंडेलना मिळाली. वेंडेल म्हणजे पुरुभाऊंचे होणारे व्याही. पुरुभाऊंची एकुलती एक लेक गिरिजा मांजराला इंजेक्शन द्यायला म्हणून जनावरांच्या दवाखान्यात गेली आणि तिथल्या डॉक्टरशी लग्न ठरवून परत आली. अगदी एकाच फेरीत नव्हे, त्यासाठी मांजराला बरंच आजारी पडावं लागलं. डॉक्टरचं नाव क्ले. मुलगा उंच, हसरा, वरणभात हाताने कालवून खाणारा. गिरिजाच्या आईने, प्रतिमाताईंनी, त्याला पहिल्या पंगतीतच पास करून टाकलं. लग्न एप्रिलात ठरलं. जोडप्याला राहायला घरही पुरुभाऊंनीच शोधलं, स्वतःच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. सगळं कसं दुधात साखर. घोडं अडलं होतं ते फक्त मुलाच्या बापापाशी.

वेंडेल फोर्ट वर्थच्या पलीकडे, दोनेक तासांवर, शेळ्या पाळून राहत. बायको जाऊन काही वर्षं झालेली. रँचवर ते, शेळ्या आणि शनिवार-रविवार घरी येणारा क्ले, एवढाच संसार. माणूस बोलत म्हणून नसे. साखरपुड्याला आले, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले, श्रीखंडाची वाटी चाटूनपुसून संपवली, "नाइस" म्हणाले आणि हॅट डोक्यावर ठेवून निघून गेले. त्याआधी एकदा जेवायला आले होते तेव्हा तर तेवढंही बोलले नव्हते. क्ले म्हणे, डॅड तसेच आहेत. गिरिजा म्हणाली, "बाबा, ही इज जस्ट शाय. तुम्ही चिल करा ना." पण मुलीच्या बापाला चिल करता येत असतं तर मंगल कार्यालयं सकाळी सहाला कशाला उघडली असती? पुरुभाऊंच्या मनाने घेतलं, की या गृहस्थाला आपली मुलगी पसंत नाही. चारचौघांत बोलता येत नाही म्हणून गप्प आहे, इतकंच. आपल्या एवढ्या गुणी पोरीला सासरी कुणीतरी मनातून 'नको' म्हणतंय, या विचाराने त्यांना रात्रीचा भात जाईना.

अशात फेब्रुवारीत वेंडेलचा फोन आला. स्वतःहून. पुरुभाऊ ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते, ते उठून थेट जिन्यात गेले. वेंडेलनी सांगितलं ते असं: शेळ्या व्यायला लागल्यात, कोयोटी करडं पळवताहेत, शनिवारी दुपारी शिकारीला बसणार आहे, तुम्ही या, काही आणू नका. संपलं. फोन ठेवल्यावर पुरुभाऊ जिन्यातच एक पायरी खाली आणि दोन वर असे नाचले. कोयोटी हा कोल्ह्याहून मोठा आणि लांडग्याहून लहान असा इथला एक बेरकी प्राणी, आणि त्याच्या निमित्ताने व्याह्यांनी बोलावलं होतं.

घरी आल्यावर नवराबायकोंनी त्या फोनचा कीस पाडायला घेतला.

"काही आणू नका म्हणाले? नक्की तसंच?" प्रतिमाताईंनी विचारलं.

"अगदी तसंच."

"मग अहो, सगळं न्यायला लागणार."

गिरिजा सोफ्यावरून ओरडली, की बाबा, 'डोन्ट ब्रिंग एनीथिंग' याचा अर्थ काही आणू नका एवढाच असतो, दॅट्स इट. दोघांनी तिच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. या मुलीला काय ठाऊक. मुलाकडची माणसं 'आम्हाला काही नको, मुलगी आणि नारळ द्या' म्हणतात, तिथेच मुलीकडच्यांनी सावध व्हायचं असतं. प्रतिमाताईंच्या स्वतःच्या लग्नात पुरुभाऊंच्या वडिलांनी हेच वाक्य उच्चारलं होतं, आणि तेव्हा न दिलेल्या चांदीच्या ताम्हनाचा विषय पुरुभाऊंच्या आत्या अजून प्रत्येक फोनवर काढतात. तेव्हा टेक्सास असो की तुळशीबाग, 'काही नको' म्हणजे काय, हे ज्याने त्याने समजून घ्यायचं असतं. प्रतिमाताईंनी तिथल्या तिथे निर्णय दिला, की हे शिकारीचं सामान म्हणजे आपलं पहिलं रुखवतच समजायचं. बघणाऱ्याने नावं ठेवता कामा नयेत.

झालं. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यायलेलं. पुरुभाऊ शिकारीच्या सामानाच्या दुकानात गेले, ते संध्याकाळी दुकानदाराने हात जोडेपर्यंत बाहेर आले नाहीत. तिथे त्यांना या शिकारीचं शास्त्र कळलं. कोयोटीच्या मागे जायचं नसतं, त्याला बोलवायचं असतं. एक छोटा स्पीकर दूर झुडपात ठेवतात, त्यातून जखमी सशाचं रडणं ऐकवतात. आपण वारा तोंडावर घेऊन, झाडाला पाठ टेकून, दगडासारखं बसायचं. ससा फुकटात मिळतोय असं समजून कोयोटी येतो. त्याचं नाक आपल्यापेक्षा शहाणं, डोळा तीक्ष्ण, कान तर विचारूच नका. म्हणून सामान असं हवं की ज्याचा आवाज नाही, चकाकी नाही आणि वास नाही.

बंदूक मात्र पुरुभाऊंनी पहिल्याच वाक्यात वजा केली. जो माणूस दिवाळीत सुतळी बॉम्बकडे पाठ करून उभा राहतो त्याने रायफलीच्या नादी लागू नये, एवढी अक्कल त्यांना होती. ती व्याह्यांची बाजू. बाकी सगळं आपण. झाडापानांच्या रंगाचे कपडे घेतले, हातमोजे घेतले, तोंड झाकायची जाळी घेतली. दोन दुर्बिणी घेतल्या, एक व्याह्यांना. बसायच्या उशा तीन, कारण एखादी ओली झाली तर? सगळ्या मापांच्या बॅटऱ्या, दोर, प्रथमोपचाराची पेटी, हात गरम ठेवायच्या पुड्या, रायफल टेकवायची तिकाटणी. वाऱ्याची दिशा बघायला शिकारी लोक बिनवासाची पावडर एका मऊ बाटलीत ठेवतात आणि हवेत फुस्स करून सोडतात. प्रतिमाताईंनी ती विकत आणू दिली नाही. सॉसची रिकामी बाटली धुऊन तिच्यात तांदळाची पिठी भरून दिली. आणि सगळ्यात शेवटी, पैसे देता देता, पुरुभाऊंना ते दिसलं. एका काठीच्या टोकाला केसांचा झुपका, बटण दाबलं की तडफडणाऱ्या सशासारखा थडथडा उडतो. कोयोटीला भुलवायला. पुरुभाऊ त्या झुपक्यावर असे लट्टू झाले, की घरी येईपर्यंत त्यांनी तो गाडीत शेजारच्या सीटवर चालूच ठेवला होता. सिग्नलला बाजूच्या गाडीतल्या बाई खिडकी वर करून बसल्या.

खरी परीक्षा पुढे होती. व्याह्यांना उपाशी कसं ठेवायचं? प्रतिमाताईंनी डबा ठरवायला घेतला आणि स्वयंपाकघराची प्रयोगशाळा झाली. चिवड्याला हिंगाचा वास, बाद. चकली वाजते, बाद. लाडवाला वेलची आहे आणि पुन्हा तूप. गिरिजाला डोळे मिटून दिवाणखान्याच्या टोकाला बसवलं आणि पुरुभाऊ दाराआडून एकेक पदार्थ खाऊ लागले. "ऐकू येतंय," गिरिजा म्हणाली, ती शेव. "ऐकू येतंय," ती काकडी. केळं ऐकू आलं नाही, पण वास आला. शेवटी बिनआवाजाची, बिनवासाची आणि पोटभरीची अशी एकच गोष्ट मराठी घरात सापडली, ती म्हणजे इडली, आणि ती मूळची आपली नाही याचं प्रतिमाताईंना थोडं वाईट वाटलं. शिवाय आठवडाभर घरात फोडणी बंद. सुतकातलं असतं तसं बिनफोडणीचं जेवण दोघंही मुकाट गिळत होती. देवापुढची उदबत्ती बंद. पुरुभाऊंचे शिकारीचे कपडे मागच्या अंगणात दोरीवर वाळत घातलेले, तर शेजारच्या बाई येऊन विचारून गेल्या, की सगळं ठीक आहे ना, तुमच्या घराला हल्ली वास येत नाही.

शनिवारी दुपारी पुरुभाऊ रँचवर पोचले. क्ले त्या शनिवारी दवाखान्यात अडकला होता, त्यामुळे वेंडेल एकटेच फाटकापाशी उभे होते. त्यांच्या खांद्याला रायफल, एका खिशात रिमोट, हातात पिशवीएवढा स्पीकर. बस्स. पुरुभाऊंनी गाडीतून प्रवासाची मोठी बॅग काढली, मग तिची धाकटी बहीण काढली, मग सोलापुरी चादरीत बांधलेलं एक गाठोडं काढलं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे नाक दिसतच नव्हतं. वेंडेलनी बॅगांकडे बघितलं, पुरुभाऊंकडे बघितलं, हॅट थोडी वर सरकवली आणि धाकटी बॅग स्वतःच्या ट्रकमध्ये टाकली. पुरुभाऊ मनातल्या मनात सामान मोजू लागले. कमी पडलं की काय?

ट्रक एका टेकाडावर ठेवून दोघं खाली ओढ्याच्या बाजूला उतरले. गवत पिवळं पडलेलं, मध्ये मध्ये सीडरची गडद झाडं, वर स्वच्छ निळं थंड आभाळ. पुरुभाऊंना सगळंच छान वाटत होतं. एका खांद्यावर बॅग, पाठीला गाठोडं, तरी पाऊल हलकं पडत होतं. एका जुन्या सीडरपाशी वेंडेलनी खुणेने त्यांना बसवलं आणि स्पीकर लावायला ते पलीकडे झुडपांत गेले.

मागे राहिलेल्या माणसाने शहाण्यासारखं गप्प बसावं की नाही? पण पुरुभाऊंना वाटलं, हीच वेळ. नुसतं बॅगेत ठेवलेलं रुखवत कोण बघणार? त्यांनी सोलापुरी चादर झाडासमोर अंथरली आणि भराभर सामान मांडलं. मध्यभागी नारळ. हो, नारळही होता. चकाकू नये म्हणून प्रतिमाताईंनी त्याला झाडापानांच्या कापडाचा अंगरखा शिवला होता आणि त्याच्या काठाला हौसेने मोती लावले होते. नारळाभोवती दुर्बिणी, उशा, पुड्या, बॅटऱ्या मापाप्रमाणे चढत्या क्रमाने, दोराचं सुबक वेटोळं, इडल्यांचा डबा, थर्मास. कोपऱ्यात, गवतात रोवलेला, तो झुपका.

वेंडेल परत आले आणि जागच्या जागी थबकले. ओसाड माळावर, सीडरच्या झाडाखाली, मोत्यांचा अंगरखा घातलेला नारळ. असं काही त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नसावं. त्यांचा हात खिशात होता, अंगठा रिमोटवर. धक्क्याने तो दाबला गेला आणि पलीकडच्या झुडपात ससा टाहो फोडून रडायला लागला.

पुरुभाऊंना वाटलं, व्याही भारावले. ते कुजबुजत एकेक वस्तू दाखवायला लागले. ही दुर्बीण तुमच्यासाठी. ही उशी, थंडी वर येत नाही. मग पुरुभाऊ गुडघ्यावर वाकले, आणि "आता ही गंमत बघा," म्हणून त्यांनी झुपक्याचं बटण दाबलं. झुपका थडथडायला लागला, तिकडे ससा रडायला लागलेलाच होता, आणि दोन्हीचा मेळ इतका झकास जमला की खुद्द पुरुभाऊंना गहिवरून आलं.

कोयोटीलाही आलं असावं. तो ओढ्यातून एवढा सुसाट वर आला, की वेंडेलना रायफल खांद्यावरून काढायलाही फुरसत मिळाली नाही, आणि काढली असती तरी नेमकं मध्ये पुरुभाऊ ओणवे होते. करड्या रंगाचं काहीतरी चादरीवरून गेलं. थर्मास एकीकडे, बॅटऱ्या दहा दिशांना. झुपका कोयोटीच्या तोंडात, झुपक्याला काठी, आणि बटण चालूच. तोंडातली शिकार मरायला तयार नाही म्हणून बिचारा दोनदा स्वतःभोवती गरगर फिरला, मग काठीसकट टेकाडापलीकडे पसार झाला. बराच वेळ झाला तरी थडथड ऐकू येत होती.

पुरुभाऊ गुडघ्यांवरच राहिले. रुखवताचा सत्यानाश झाला होता. नारळ उताराने घरंगळत वेंडेलच्या बुटापाशी जाऊन थांबला होता. त्यांच्याकडे बघायचा धीर पुरुभाऊंना होईना. इतक्यात त्यांना एक चमत्कारिक आवाज ऐकू आला. बऱ्याच वर्षांनी विहिरीवरचा पंप सुरू करावा तसा, आधी घरघर, मग धक्के. वेंडेल हसत होते. त्यांनी आधी झाडाला हात टेकला, मग पाठ टेकली, मग ते सरळ गवतात बसले आणि डोळे पुसत राहिले. ते थांबले की पुरुभाऊंच्या तोंडाकडे बघत, आणि पुन्हा सुरू होत. शेवटी पुरुभाऊंनाही आवरेना. दोन्ही व्याही पोट धरून हसत होते आणि स्पीकरमधला ससा एकटाच इमानाने रडत होता.

आता पाच मैलांत एकही कोयोटी राहिला नसेल, असं वेंडेलनी जाहीर केलं. पण संध्याकाळी पलीकडच्या कुरणात पुन्हा बसू. दोघांनी मिळून सगळं गोळा केलं आणि ट्रकपाशी परत आले. वेंडेलनी रायफल रिकामी करून ट्रकच्या आत ठेवली. ट्रकचं मागचं फळकुट पाडून त्यावर बसून दोघांनी इडल्या खाल्ल्या, चहा प्यायले. मग वेंडेल पहिल्यांदाच पुष्कळ बोलले, म्हणजे त्यांच्या मानाने. त्यांनी सामानातून एकेक वस्तू उचलून बाजूला काढली. उशी हवी, कारण बूड दुखलं की माणूस हलतो. हातमोजे आणि जाळी हवी, कारण कोयोटीला सगळ्यात आधी हात आणि चेहरा दिसतो. दुर्बीण एक पुरे. पाणी हवं. सॉसच्या बाटलीतून त्यांनी पिठी हवेत सोडली, ती धुरासारखी डावीकडे वाहत गेली, तसे ते खूश झाले आणि ही बाटली मी ठेवून घेतो म्हणाले. बाकीचं सगळं ट्रकमध्येच राहू दे. जे जवळ असताना माणसाला गप्प बसवत नाही, ते सामान नव्हे, ते ओझं.

बोलणं मुद्द्याचं होतं, पण मुलीच्या बापाच्या कानाला प्रत्येक शब्द टोमण्यासारखा लागत होता. बाजूला सारलेल्या सामानाचा ढीग पुरुभाऊंना बघवेना. आठवडाभराची बिनफोडणीची भाजी, ते वाळत घातलेले कपडे, प्रतिमाने रात्री चष्मा लावून ओवलेले मोती, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. हसून हसून मन सैल झालं होतंच. त्यांनी एकदम विचारून टाकलं.

"आमची गिरिजा तुम्हाला पसंत नाही का?"

वेंडेलनी अर्धी इडली हातात तशीच धरली. हे तुम्हाला कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. पुरुभाऊ म्हणाले, कुणी नाही, पण तुम्ही बोलतच नाही. साखरपुड्यालासुद्धा बोलला नाहीत.

वेंडेलनी समोरच्या कुरणाकडे बघितलं. तिथे शेळ्या चरत होत्या आणि दोन करडं विनाकारण उड्या मारत होती. मग ते सावकाश, एकेक शब्द तपासून बघितल्यासारखे बोलले. मुलगी फार चांगली आहे. ती इथे आली की क्ले हसतो, आणि त्याची आई गेल्यापासून या घरात कुणी तसं हसलं नव्हतं. ते गप्प राहिले ते दुसऱ्याच कारणाने. तोंड उघडलं तर भलतंच बाहेर पडेल अशी त्यांना भीती होती.

"भलतंच म्हणजे?"

"म्हणजे, त्याला नेऊ नका," वेंडेल म्हणाले. "तुम्ही किती आनंदात होतात. घरसुद्धा शोधलंत त्याच्यासाठी. मी कसं बोलणार? आजवर निदान शनिवार-रविवार तरी तो इथे असायचा. तुम्ही चांगली माणसं आहात. त्याला सांभाळा. काम असलं की तो जेवायचं विसरतो. आठवण करावी लागते."

'सांभाळा' हे वाक्य पुरुभाऊंच्या समाजात पिढ्यानपिढ्या मुलीच्या बापाने म्हणायचं असतं, मुलाच्या बापासमोर, मंडपाच्या दारात, आवाज फुटत नसताना. ते म्हणायची वेळ आपल्यावर येणार म्हणून पुरुभाऊ इतके दिवस झुरत होते. आणि आपली लेक तर दोन गल्ल्या सोडून राहणार होती. रोज संध्याकाळी मांजर घेऊन येणार होती. पाठवणी व्हायची होती ती या माणसाच्या घरातून, आणि ती त्याला एकट्यालाच दिसली होती. पुरुभाऊंना स्वतःची मनापासून लाज वाटली.

ते फळकुटावरून खाली उतरले. वेंडेलही उतरले, बहुधा निघायचं आहे असं समजून. आपल्या लग्नांत दोन्ही बाप एकमेकांना कडकडून भेटतात, त्याला व्याहीभेट म्हणतात, पण तिला अजून दोन महिने अवकाश होता, आणि वेंडेल काही मिठ्या मारणाऱ्यांतले वाटत नव्हते. पुरुभाऊंनी मुहूर्ताची वाट बघितली नाही. त्यांनी दोन्ही हात पसरले आणि त्या उंच माणसाला घट्ट धरलं. त्यांचं डोकं जेमतेम व्याह्यांच्या खांद्यापर्यंत पोचत होतं.

"तो जेवेल," ते त्या खांद्याला म्हणाले. "प्रतिमा आहे. तो जेवल्याशिवाय सुटणार नाही. आणि शनिवारी आम्ही सगळेच इथे येऊ."

वेंडेल आधी खांबासारखे ताठ उभे होते. त्यांचे हात कुठे ठेवावे हे त्यांनाही कळत नव्हतं आणि हातांनाही. मग एक हात पुरुभाऊंच्या पाठीवर आला, हळूच, करडाला धरावं तसा. मग दुसरा. पुरुभाऊंना वाटलं, आता पुरे, उगाच माणसाला अवघडवू नये, म्हणून ते मागे सरकू लागले. त्यासरशी पाठीवरचे हात घट्ट झाले.

"हलू नका," वेंडेल त्यांच्या कानाशी पुटपुटले. "तुमच्या मागे उतारावर कोयोटी उभा आहे. आपल्याकडेच बघतोय."

पुरुभाऊ जागच्या जागी थिजले. उशी नाही, जाळी नाही, पण असे गप्प उभे राहिले की दुकानदारानेही शाबासकी दिली असती. वारा गवतावरून जात होता. लांब कुठेतरी एक शेळी ओरडली. वेंडेलचा श्वास त्यांना केसांवर जाणवत होता, आणि तो अडखळत होता.

"आहे अजून?" बऱ्याच वेळाने त्यांनी कुजबुजत विचारलं.

"आहे," वेंडेल म्हणाले.

पुरुभाऊंनी मान न हलवता नुसते डोळे फिरवले. वेंडेलच्या दंडापलीकडे ट्रकच्या केबिनची मागची काच होती आणि तिच्यात त्यांच्या मागचा सगळा उतार स्वच्छ दिसत होता, अगदी खालच्या ओढ्यापर्यंत. पिवळं गवत, उतरतं ऊन, सीडरच्या लांब सावल्या. कोयोटी कुठेच नव्हता.

पुरुभाऊ हलले नाहीत.